कोंडीराम गमरेचं अंतर

कोंडीराम गमरेला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभं राहायचं, कापड विणायचं. आता तुम्ही म्हणाल, ही काय मोठी मागणी झाली? लालबाग-परळात तेव्हा साच्यांना काय तोटा होता? पण साचेखात्याच्या दारात कोंडीरामाच्या आधी त्याची जात पोचायची. त्याच्या माणसांनी कापूस पिंजावा, रिंगखात्यात सूत काढावं, केर उचलावा. विणायचं मात्र नाही. कारण काय, तर धोटा! साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकाला तोंड लावून धागा बाहेर ओढायचा. आज एकाने तोंड लावलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला. झालं. मुगाएवढ्या भोकात यांचा सगळा धर्म अडकून बसला होता, आणि कायदा काही म्हणो, ते भोक कायद्याला कधी दिसलं नाही.

कोंडीरामाचा बाप शामराव रत्नागिरीकडून आला आणि रिंगखात्यातच खोकून खोकून मेला. कोंडीराम त्या खात्यात चार वर्षं राहिला, पण त्याचं मन तिथे नव्हतं. गडी उंचापुरा, सातवी पास, आणि तोरा असा की विचारू नका. वरळीच्या बीडीडी चाळीतून निघताना टोपीला इस्त्री, सदऱ्याला इस्त्री. शेजारपाजारच्या बायका कमळाबाईला म्हणायच्या, ‘तुझा नवरा गिरणीत जातो की लग्नाला?’ कमळाबाई त्याची बायको, जिभेची तिखट. ती म्हणायची, ‘वरातीचं माहीत नाही, घोडा मात्र आमच्याकडेच आहे.’

या तोऱ्यामुळेच तो मानकर साहेबांच्या नजरेत भरला. मनमोहन मानकर म्हणजे गिरगावातले परभू, ठाकुरद्वारचे. आजोबांच्या वेळी दोन वाड्या होत्या म्हणे, आता भाड्याची खोली आणि गणिताची पदवी. गिरणीच्या डिझाइन खात्यात ते नकाशे काढत. त्यांना खुंट्या ठोकायला नीटनेटका माणूस हवा होता. हे काम कोरडं, त्यात तोंडाचा काही संबंध नाही, म्हणून कोंडीरामाला घ्यायला कुणाची हरकत आली नाही.

खुंट्यांचं प्रकरण असं. नक्षीच्या साच्यावर डॉबी नावाचं एक खोकं बसवलेलं असतं. त्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीवर कुठे खुंटी, कुठे रिकामं भोक. खुंटी आली की ताण्याचे ते उभे धागे वर, भोक आलं की खाली, मधून धोटा पळाला की एक फेरी झाली. माळ संपली की पुन्हा पहिली पट्टी. जी खुंटी ठोकाल ती नक्षी.

मानकर साहेब त्या माळेपुढे तासन् तास बसायचे. खुळेच होते हो! म्हणायचे, ‘गमरे, या यंत्राला काय आठवतं सांग? फक्त आपण कुठल्या पट्टीवर आहोत एवढंच. ठरावीक अवस्था, त्याच त्याच. तरी बघ यातून काय काय निघतं.’

त्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. दोन यंत्रं एकमेकांसारखी आहेत, असं कधी म्हणायचं? आणि अगदी सारखी नसतील तर किती सारखी, हे मोजायचं कसं? एक माळ आठ पट्ट्यांची, दुसरी सोळा पट्ट्यांची, दिसायला कुठे मेळ नाही, पण कापड निघतं तेच. उलट दोन माळा दिसायला जुळ्या, एकच खुंटी इकडची तिकडे, आणि कापड पार वेगळं. तेव्हा साहेबांनी ठरवलं की यंत्राच्या पोटात डोकावायचंच नाही. बाहेर काय येतं ते बघायचं. दोन्ही साचे चालू करायचे आणि पहिला फरक कितव्या फेरीला पडतो ते पाहायचं. पहिल्याच फेरीला पडला तर दोघांतलं अंतर पुरतं एक. दुसऱ्या फेरीला पडला तर अर्धं, दहाव्या फेरीला पडला तर एक दशांश. जितका उशिरा फरक तितकी यंत्रं जवळची. आणि फरक कधीच पडला नाही तर अंतर शून्य. मग पोटात काही का असेना, ती दोन यंत्रं एकच.

‘काही का असेना, साहेब?’ कोंडीरामाने विचारलं.

‘काही का असेना.’

कोंडीरामाला गणिताचं प्रेम होतं असं नका समजू. त्याला त्या शून्यात एक दार दिसलं. महिनाभर त्याने ते मनात घोळवलं आणि एक दिवस हातोडी खाली ठेवून म्हणाला, ‘साहेब, साचा तोच, माळ तीच, आणि पुढे उभा राहणारा माणूस बदलला तर?’

साहेब खुर्चीतून उठलेच. ‘अरे! माणूसही यंत्राचाच भाग धरायचा! साचा अधिक माणूस, हे एक यंत्र. गमरे, तू नुसत्या खुंट्या ठोकत बसलास हे बरं नाही केलंस.’ कोंडीरामाला स्वर्ग दोन बोटं उरला.

विणायला तर तो शिकलाच होता. डिझाइन खात्यात एक नमुन्याचा साचा होता, नवी नक्षी आधी त्यावर काढून बघायची. त्यासाठी खालून चिंतामणी सावंत यायचा, साचेखात्यातला पहिल्या नंबरचा विणकर. त्याला यायला उशीर झाला की साहेब कोंडीरामालाच म्हणायचे, ‘घे रे, चार फेऱ्या तू मार.’ चिंतामणी आपला धोटा खालून घेऊन यायचा, त्या साच्याचा धोटा वेगळा, तो खाली जात नसे, म्हणून कुणाला खुपलं नाही. कोंडीराम बघून बघून शिकला. धोट्याला तोंड लावून एका दमात धागा ओढायला तर असा शिकला की चिंतामणीसुद्धा म्हणाला, ‘मेल्या, तुजो श्वास हा की पंप?’

चिंतामणी मालवणचा मराठा. कोंडीरामाशी त्याचं चांगलं जमायचं, आणि त्याला कारणही होतं. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून शहर पेटलं, तेव्हा दोघे एकाच मोर्च्यात होते. गोळीबार झाला, माणसं वाट फुटेल तिकडे धावली. कोंडीरामाने चिंतामणीचं मनगट धरलं ते थेट वरळीला आपल्या खोलीत नेऊन सोडलं. बाहेर संचारबंदी. दोन दिवस चिंतामणी तिथेच राहिला. कमळाबाईच्या हातची भाकरी खाल्ली, चहा प्याला, तिच्या पोराला मांडीवर घेऊन ‘मुंबई आमची’ म्हणायला शिकवलं. त्याच वर्षी डिसेंबरात कोंडीरामाने दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या बरोबर बुद्धाला हात जोडले. चिंतामणीला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बरा केलंस. आता तुका कोण काय बोलतलो?’

कोंडीराम भोळा नव्हता, पण असं कुणी बोललं की माणूस विश्वास टाकतो.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर साहेबांनी प्रयोग मांडला. साचेखात्यात शेजारशेजारचे दोन साचे, एकाच सुताचा ताणा, माळा कोंडीरामानेच ठोकलेल्या, खुंटीला खुंटी सारखी. एका साच्यावर चिंतामणीने नेहमीच्या पाळीत कापड काढलं. दुसऱ्यावर कोंडीरामाने सुटीच्या दिवशी, खातं रिकामं असताना. मॅनेजरची परवानगी होती. त्याला वाटलं, गणित आहे, असेल काही तरी. कमळाबाईने मात्र आदल्या दिवशी विचारलं, ‘हे चोरून का? सगळ्यांसमोर का नाही?’

‘चोरून नाही गं. निकाल आधी लागू द्यायचा, मग सांगायचं. साहेब म्हणतात, आधी सांगितलं तर लोक कापड बघत नाहीत, माणूस बघतात.’

‘मग नंतर काय बघतील?’

कोंडीराम टोपीची इस्त्री बघत बसला.

चार दिवसांनी साहेबांनी खात्यातली जाणती माणसं डिझाइनच्या खोलीत बोलावली. चिंतामणी, नाना घाडी जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, युनियनचा अप्पा मोरे, आणखी तीनचार जण. मेजावर दोन कापडं पसरली. साहेब म्हणाले, ‘ओळखा. यातलं एक चिंतामणीचं, एक दुसऱ्याचं.’ माणसं वाकली. भिंग लावलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. नाना जॉबर, ज्याला शितावरून भाताची परीक्षा येते असं सारं खातं मानायचं, तोही मान हलवत बाजूला झाला. शेवटी चिंतामणी पुढे आला, एका कापडावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, ‘ह्यां माजा. माजो हात मी आंधळो झालंय तरी वळखीन.’

ते कोंडीरामाचं होतं.

साहेबांनी टाळीच वाजवली. ‘शून्य! अंतर शून्य! चिंतामणी, तुझा हात तुलाच ओळखता आला नाही. हे गमरेने विणलंय.’

कोंडीराम कोपऱ्यात उभा होता. तो हसला. हसू नये तेव्हा हसला, पण बापाच्या जन्मापासून दाबलेलं हसू होतं ते, कुठवर दाबायचं? सगळ्यांनी ते पाहिलं.

मग नाना जॉबरने हळूच विचारलं, ‘साहेब, धोटा कुठला वापरला?’

आणि इथे मानकर साहेबांनी ती चूक केली, जी केवळ गणितवालाच करू शकतो. त्यांना वाटलं, हा प्रश्न म्हणजे आपल्या सिद्धान्ताला आणखी एक पुरावा! उत्साहाने म्हणाले, ‘खात्यातलाच. मुद्दाम. धोटा वेगळा ठेवला असता तर प्रयोगात खोट राहिली असती. काम झाल्यावर मी स्वतः तो तुमच्या पेटीत टाकला आणि पेटी हलवली. चार दिवस तुम्ही तेच धोटे वापरताय. सांगा बरं, त्यातला कुठला गमरेच्या तोंडचा?’

सांगणार कोण? धोटे सगळे सारखे.

चिंतामणी जाग्यावर थुंकला. धावत खाली गेला, नळाखाली तोंड धरून खळखळ चुळा भरू लागला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. बातमी साच्यांच्या रांगेतून गेली आणि एकेक साचा बंद पडत गेला. एवढं मोठं खातं, कानाला दडे बसवणारं, ते गप्प झालं. एक धोटा सापडला असता तर एक फेकला असता. सापडतच नव्हता, म्हणून पेटीच्या पेटी बाटली, चार दिवस बाटले, तोंडं बाटली. सारखेपणा सिद्ध झाला म्हणून तर गहजब! वेगळेपणा निघाला असता तर कुणी चकार शब्द काढला नसता.

दुपारी मॅनेजरच्या खोलीत कोंडीरामाला उभं केलं. अप्पा मोरे बोलायला हुशार, काळाचौकीच्या सभा गाजवणारा माणूस. त्याने कोंडीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘गमरे, तुझं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर. मी स्वतः हे मानत नाही. पण वेळ कुठली? आज समितीत फूट पडली तर दिल्लीवाले टाळ्या पिटतील. आधी मुंबई हातात येऊ दे, संयुक्त महाराष्ट्र होऊ दे, मग हे धोट्याबिट्याचं एका दिवसात निकालात काढू.’

‘मग आता मी काय करू?’

‘तू फक्त एवढंच म्हण, की धागा तोंडाने नाही ओढला. तारेच्या सळईने ओढला. संपलं. लोक कामावर जातील, तू तुझ्या खुंट्या ठोक.’

कोंडीरामाने मानकर साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, ‘म्हण की रे. बाहेरून फरक कुठे पडतो? कापड तेच आहे. सळईने ओढला काय, तोंडाने ओढला काय, अंतर शून्यच.’

‘आणि नाही म्हटलं तर?’

‘मग मला काही करता येणार नाही,’ साहेब म्हणाले. मॅनेजरने दुसऱ्या पाळीच्या भोंग्यापर्यंत मुदत दिली.

कोंडीराम करी रोडवरून चालत घरी गेला. कमळाबाईने सगळं ऐकून घेतलं. ही बाई नवऱ्याला ताठ उभं राहा म्हणेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही चाळीत राहिला नाहीत. ती म्हणाली, ‘म्हणा सळई. खरं सांगून आपल्याला आजवर काय मिळालंय? खोटं बोलून जायचं ते काय जाईल? परत रिंगखात्यात गेलात तर मामंजींसारखे खोकत याल. म्हणा सळई.’

‘मग मी विणकर नव्हतोच, असं होईल.’

‘नव्हताच तुम्ही. एक दिवस होता, तोही सुटीचा.’

यावर त्याला राग आला, भयंकर राग, आणि तो तिच्यावर आला नव्हता. तो तसाच परतला. वाटेवर त्याचं ठरलं होतं: सळई. पोरं आहेत, बायको म्हणते ते खोटं नाही, सळई म्हणायचं आणि खाली मान घालून जिना चढायचा.

साचेखात्यात माणसं दाटीने उभी होती. अप्पाने त्याला एका खोक्यावर चढवलं. ‘बोल गमरे, सगळ्यांची शंका फिटू दे.’ कोंडीरामाने तोंड उघडलं आणि त्याला पुढ्यातच चिंतामणी दिसला. ओठ घासून घासून लाल केलेले. हेच ओठ वरळीत कमळाबाईच्या कपाला लागले होते.

‘तोंडाने ओढला,’ कोंडीराम म्हणाला. ‘तोंडाने, चिंतामणी. तुझ्यासारखाच.’

मग जे व्हायचं ते झालं. त्याला खोक्यावरून खेचला, टोपी गेली, सदरा फाटला. चिंतामणीने हात उचलला नाही, हे सांगायला हवं. तो एवढंच म्हणाला, ‘तुज्या घराक चाय पियालंय, मी नाय म्हणूचंय नाय. पण धोटो तो धोटो.’ मॅनेजरने धोट्यांच्या पेट्या बॉयलरात घालायचा हुकूम दिला, आणि पेट्यांना हात लावायला कुणी तयार होईना, तेव्हा त्या कोंडीरामाकडूनच वाहून घेतल्या. पोरीच्या पाठवणीला भांडं काढावं तसं लखलखीत घासलेलं लाकूड, तासाभरात जळलं. नवे धोटे आले, खातं सुरू झालं. मानकर साहेबांनी प्रयोगात दोष राहिला असं वर कळवलं. कोंडीराम रिंगखात्यात बदली कामगार म्हणून परत गेला, आणि बदली म्हणजे रोज दारात उभं राहायचं, कुणी आजारी पडला तर आत, नाही तर घरी.

कमळाबाई म्हणाली, ‘तुमच्या खऱ्या तोंडाची आमटी करून घालू का पोरांना?’ आणि मग तीच रडली. तिने दादरला दोन घरची धुणीभांडी धरली. कोंडीरामाचा तोरा गेला. इस्त्री विकली, टोपी पुन्हा घेतली नाही. मोर्च्यांना मात्र तो जात राहिला. का जातोस असं कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘मुंबई माझी नाही असं धोट्यावर कुठे लिहिलंय?’ मागच्या रांगेत चालायचा. घोषणेला आवाज द्यायचा, आणि सभा सुटल्यावर अप्पा मोरे समोरून आला तर रस्ता ओलांडायचा.

साठ साली एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. परळ नाक्याला कमानी, तोरणं, लाडू, गुलाल. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. कोंडीराम संध्याकाळी धाकट्या पोरीला खांद्यावर घेऊन रोषणाई बघायला गेला होता. त्यालाही दोघातिघांनी मिठी मारली. गर्दीतून कुणी तरी ‘गमरे! अरे गमरे!’ म्हणत आलं. मानकर साहेब. केस पिकले होते, पण चेहरा उजळलेला. त्यांनी कोंडीरामाचे दोन्ही हात धरले.

‘बरा भेटलास! तुझी फार आठवण येते रे. तुला सांगायचंच होतं. माझं काम विलायतेच्या मासिकाने छापायला घेतलं.’

‘चांगलं झालं, साहेब.’

‘आधी परत आलं होतं. मग माझ्या लक्षात आलं, चूक कुठे होती ते. तुझ्या वेळी अंतर शून्य येत होतं ना? आणि प्रत्यक्षात तर केवढा फरक पडला! खातं बंद पडलं. म्हणजे माप चुकीचं. मी फक्त बाहेर पडणारं कापड धरत होतो. आता सुरुवात आधीपासून धरतो, साच्यापुढे कोण उभं राहिलं ही पहिली पायरी. कापड त्याच्यानंतर.’ साहेब अगदी खुशीत होते. ‘आता सगळं बरोबर जुळतं. तुझं आणि चिंतामणीचं अंतर आता शून्य येत नाही.’

‘मग किती येतं?’

‘एक. पुरतं एक. पहिल्याच पायरीला फरक पडतो ना, म्हणून. याहून जास्त अंतर असूच शकत नाही.’

पोरगी खांद्यावरून दिवे मोजत होती. कोंडीरामाने साहेबांच्या हातातून आपले हात सोडवून घेतले, तिचे पाय नीट धरले.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘आमच्या गावच्या खोताला हे गणित शाळेत न जाता येत होतं.’